कॉस्मेचां चेडू गोव्यात खेळता

मालवण बंदरातल्या कुठल्याही होडीचं इंजिन बंद पडलं की ते शेवटी कॉस्मे लुद्रिकच्या शेडमध्ये येतं. दांडीच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर ही पत्र्याची शेड आहे आणि तिला लागून माझं दोऱ्या-जाळ्यांचं दुकान. मधे फक्त एक पत्रा. कॉस्मे कमी बोलतो, पण पत्र्यापलीकडून त्याचं सगळं ऐकू येतं. मन ठिकाणावर असलं की तो काम करताना शीळ घालतो. मी जे सांगतोय त्या वर्षात ती शीळ जवळजवळ बंद पडली होती.

त्याची बायको मारियान इथल्याच एका शाळेत लहान मुलांना शिकवते. त्यांना एकच मुलगी, फेबी. या घरात फुटबॉल कुणी खेळलेलं नव्हतं. चर्चच्या मागच्या मैदानावर संध्याकाळी मुलगे खेळायचे, त्यांना गोलात उभं राहायला कुणी मिळेना म्हणून त्यांनी लहानग्या फेबीला उभं केलं. काही दिवसांनी ती गोल सोडून पुढे यायला लागली, आणि बारा वर्षांची होईस्तोवर ती कुणाच्या बाजूने खेळणार यावरून मुलग्यांत भांडणं व्हायला लागली. कॉस्मे कधीतरी काम आटपून बघायला जायचा. खेळातलं त्याला काही कळायचं नाही. मला एकदा म्हणाला, "बॉल तिच्याकडे इलो की बाकीची पोरां धावतत, आणि ह्यां उभ्या रवता. मगे बॉल बरोबर खंय जावचो थंय जाता. कसो जाता, माका म्हायत नाय."

शाळांच्या स्पर्धांमध्ये तिला कणकवलीच्या किशोरी मॅडमनी पाहिलं. या एका शाळेत खेळ शिकवतात आणि शाळेच्याच मैदानावर मुलींना फुटबॉल खेळवतात. एका रविवारी त्या एसटीने मालवणला आल्या आणि विचारत विचारत कॉस्मेच्या घरी पोचल्या.

"तुमच्या चेडवाक खेळाची नजर आसा," त्या व्हरांड्यात बसून म्हणाल्या. "बॉल येवच्या आधीच तां बघून ठेयता, कोण खंय उभो आसा. माझ्याकडे धाडा. हॉस्टेल नाय, गवताचा मैदान नाय, पावसात आमी चिखलात खेळतंव. पण पोरी आसत आणि सगळ्यो खेळतत."

मारियानने चहा आणला. मॅडमनी कप हातात घेतला पण बोलणं थांबवलं नाही. "दुसरीकडे धाडलात तरी माझा काय म्हणणा नाय. पण धाडण्याआधी थयसर जावन बघा. मुली किती आसत, मागच्या वर्षात त्यांनी मॅची किती खेळल्यानी, शिकवता कोण. आणि आवशी-बापसान बसान बघितलेला त्यांका चालता काय, तां पयला विचारा."

कॉस्मेने मान हलवली. मॅडम त्याला आवडल्या होत्या. पण कणकवली म्हणजे कणकवली. तिथे आपण इंजिनाचे पार्ट आणायला जातो. मुलगी तिथे मोठी खेळाडू होईल असं काही त्याला वाटलं नाही.

त्यातच म्हापशाहून लिओनचा फोन आला.

लिओन हा मारियानचा धाकटा भाऊ. गोव्यातल्या एका नव्या फुटबॉल अकॅडमीत तो कामाला होता. मैदानाची व्यवस्था बघायची आणि सिंधुदुर्गातून मुलं निवडून आणायला मदत करायची, असं त्याचं काम. लिओनला नाही म्हणणं या घराला शक्य नव्हतं. फेबी चार वर्षांची असताना मारियानच्या मणक्याचं ऑपरेशन गोव्यात झालं, आणि अख्खा पावसाळा मारियान आणि फेबी लिओनच्या दोन खोल्यांच्या घरात राहिल्या होत्या. लिओनची बायको कार्मेलिनने मारियानला उठवलं, बसवलं, न्हाऊ घातलं. फेबी तिच्या कुशीत झोपायची. लिओनने त्या दिवसांचा कधी शब्दानेही उल्लेख केला नाही, आणि म्हणूनच कॉस्मेला ते जास्त लक्षात राहिलं होतं.

"कॉस्मे, ट्रायल मालवणातच घेतंव," लिओन फोनवर म्हणाला. "तू फक्त चेडवाक घेवन ये. बाकीचा माझ्यावर सोड."

मार्चमध्ये ट्रायल झाली. मैदानावर रंगीत शंकू मांडले होते, वर ड्रोन फिरत होता, आणि अकॅडमीचे डायरेक्टर गॉगल लावून खुर्चीत बसले होते. तालुक्यातली बरीच मुलं आली, मुली चारपाच. संध्याकाळी नाव पुकारलं गेलं ते फेबीचं. डायरेक्टरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून माईकवर सांगितलं, "ही मुलगी पुढे जाणार. हिचा सगळा खर्च आमची अकॅडमी करेल."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. लिओनच्या डोळ्यांत पाणी आलं. तिथेच कॉस्मेचं तोंड बंद झालं. नंतर कधीतरी तो मला म्हणाला, पैसे भरायचे असते तर चार गोष्टी विचारता आल्या असत्या. फुकट मिळतंय म्हटल्यावर विचारायचं कसं?

घरी आल्यावर मारियान म्हणाली, "मुली किती आसत तां विचारलंस?"

"लिओन आसा मां थंय."

"लिओन आसा तां माका म्हायत आसा. मी मुली विचारतंय."

कॉस्मे हात धुवायला मागच्या दारी गेला.

त्या आठवड्यात एसटी स्टँडजवळ फेबीच्या फोटोचा बॅनर लागला. रविवारी चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर पाद्रींनी तिचं नाव घेतलं. मच्छीमार, रिक्षावाले, भाजीवाल्या बाया, जो तो कॉस्मेला थांबवून म्हणायचा, "नशीब काढल्यान रे चेडवान!" किशोरी मॅडमचा फोन आला तो मारियानने घेतला. मॅडम म्हणाल्या, "बरां झाला. पण एकदा जावन बघा."

जायचं म्हणता म्हणता जून आला. जूनमध्ये मासेमारी बंद होते आणि बंदरातली सगळी इंजिनं एकदम कॉस्मेच्या दारात येतात. बंदी उठण्याआधी ती तयार नसली तर होडी पाण्यात कशी जाणार? त्याला मान वर करायला फुरसत नव्हती. मारियानची शाळाही तेव्हाच सुरू होते. लिओन स्वतः आला, अकॅडमीच्या फॉर्मांवर कॉस्मेच्या सह्या घेतल्या आणि फेबीला घेऊन गेला. म्हापशाच्या शाळेत नाव घातलं, राहायला मामाचं घर. बापाने तिच्या बॅगेवर गॅरेजच्या रंगाने मोठं 'एफ' काढून दिलं.

तो अकॅडमीत पहिल्यांदा गेला तो ऑक्टोबरात, होड्या समुद्रात गेल्यावर. कुणाला न सांगता गेला. मनात आनंद होता. लेकीला खेळताना बघायचं आणि मग पुढे होऊन चकित करायचं.

मैदान हिरवंगार होतं, गालिच्यासारखं. भोवती उंच जाळी. पहारेकऱ्याने त्याला अडवलं. पालकांना आत सोडत नाहीत, बाहेरच्या बाकावर बसा, म्हणाला. कॉस्मे बसला.

आत मुलग्यांच्या तीन तुकड्या खेळत होत्या. फेबी दिसेना. मग ती दिसली, पलीकडच्या कडेला, आणखी चार मुलींबरोबर. मैदानाच्या रेषेबाहेर जी अरुंद पट्टी असते, तिथे त्या दोघी-तिघी मिळून बॉल इकडून तिकडे ढकलत होत्या. शिकवणारं कुणी नव्हतं. थोड्या वेळाने एका कोचने शिट्टी मारून हात केला, तशा पाचही जणी धावत गोलच्या मागे गेल्या. मुलगे गोलावर बॉल मारत होते. चुकलेले बॉल पळत जाऊन आणायचे आणि परत फेकायचे, एवढंच त्या मुलींचं काम. फेबी हातांनी बॉल फेकत होती. पायाने मारायलाही तिला सवड मिळत नव्हती.

कॉस्मेला वाटलं, आता संपेल. आता यांचा खेळ सुरू होईल. ऊन कललं.

मग एक फोटोग्राफर आला. मुलींना नव्या कोऱ्या पिवळ्या जर्सी दिल्या, मैदानाच्या मधोमध आणलं आणि पळायला सांगितलं. फेबी बॉल घेऊन पळाली. फोटोग्राफर ओरडला तशी ती हसली. चांगली मोठ्याने, मान मागे टाकून हसली. फोटो झाला, जर्सी काढून परत घेतल्या, आणि मुली पुन्हा गोलमागे जाऊन उभ्या राहिल्या.

ते हसणं कॉस्मेला बघवलं नाही. बॉल उचलणं चालेल, पण हे तिला कुणी शिकवलं? पुढे होऊन चकित करायचं तो विसरूनच गेला. अंधार पडायच्या सुमाराला लिओनच्या घरी गेला आणि आत्ताच आलोय असं सांगितलं.

"कसां चललां गो?" त्याने फेबीला विचारलं.

"बरां आसा."

"मॅच खंय खेळलंस?"

"होतली. मुली कमी आसत ना पप्पा. पुऱ्या झाल्यो की होतली."

लिओन पुढ्यातल्या ताटाकडे बघत जेवत होता. कार्मेलिनने कॉस्मेला आणखी एक माशाचा तुकडा वाढला. त्या खोलीतल्या सगळ्यांना सगळं माहीत होतं आणि प्रत्येक जण दुसऱ्यासाठी गप्प होता, हे कॉस्मेला पुढे कळलं. तेव्हा त्याला इतकंच कळलं की या ताटावर बसून लिओनला काही विचारणं आपल्याच्याने होणार नाही.

तो परत आला आणि मारियानला म्हणाला, "मैदान काय सुंदर आसा!" खोटं नव्हतंच ते.

पुढचे दिवस त्याला फार जड गेले. बंदरावर कुणी ना कुणी विचारायचंच, "चेडू खंयपर्यंत पोचला?" तो म्हणायचा, "चललां हा." पिवळ्या जर्सीतला तो फोटो अकॅडमीने मोबाईलवर टाकला. बघता बघता अख्ख्या मालवणभर झाला. मारियानने शाळेत सगळ्यांना दाखवला, मलाही दाखवला. "बघा, कसां हसता ता!" कॉस्मे पत्र्यापलीकडे एक इंजिन उघडून बसला होता. तो बाहेर आला नाही.

रोज रात्रीच्या जेवणाला तो ठरवायचा, आज मारियानला सांगू. पण सांगितलं की ती भावाला फोन करणार. फोन केला की लिओन दुखावणार, आणि मुलगी तर त्याच्याच घरात. तिला परत आणावी म्हटलं तर शाळेचं वर्ष मोडणार. आणि गावाला काय सांगायचं? स्टँडवरचा बॅनर पावसाने फिका झाला होता तरी तिथेच होता. कुठल्याही बाजूने विचार करत गेला तरी तो फिरून त्याच बाकावर येऊन बसायचा.

नाताळाला फेबी घरी आली. थोडी उंच झाली होती. मैदानावरची मुलं दाराशी येऊन हाका मारायला लागली, "फेबी, येतंस मां?"

"पाय दुखता," ती आतूनच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मारियान तिच्यासमोर जमिनीवर बसली. स्वयंपाकघरात नेवऱ्यांचं, म्हणजे नाताळच्या करंज्यांचं, पीठ तसंच मळून ठेवलेलं होतं.

"खंय दुखता दाखव."

फेबीने गुडघ्यावर हात ठेवला, मग घोट्यावर ठेवला. मग रडायलाच लागली. "मी आता त्यांच्यासारख्या खेळूक शकनय नाय मम्मी. ते माका हसतले. मी थंय खेळनयच नाय. बॉल हाडून देतंय."

"मगे सांगलंस कित्या नाय?"

"सर मामाक ओरडत होते. सिंधुदुर्गातसून आणखी पोरां हाड, नायतर तुझा काम नाय, म्हणत होते. मी परत इलंय तर मामाचा काय होतला?"

मारियान कितीतरी वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. कॉस्मे दारात उभा होता. मारियानने वर बघितलं आणि त्याच्या चेहऱ्यावरून तिला जे कळायचं ते कळलं.

"तुका ठावक होता?"

"ऑक्टोबरात बघलंय."

"आणि माका सांगूक नाय?"

"तुझो भाव," कॉस्मे म्हणाला.

मारियान त्याच्यावर ओरडली नाही. उठली, पिठावरचं फडकं काढलं आणि नेवऱ्या लाटायला लागली. लाटता लाटता म्हणाली, "सुट्टी संपली की आपण दोघांनी जावया. विचारूचा होता तां आता विचारूया."

जानेवारीत दोघं डायरेक्टरांच्या ऑफिसात बसले. थंड खोली, भिंतीवर फेबीचा तोच फोटो, माणसाएवढा. मारियान शाळेत बोलते तशा मराठीत बोलली.

"सर, मुली किती आहेत तुमच्याकडे?"

"सध्या पाच. वाढतील."

"यंदा त्यांच्या मॅच किती झाल्या?"

"मॅडम, मॅच म्हणजे सगळं नसतं. आम्ही पाया घालतो."

"त्यांना शिकवतं कोण?"

"कोच आहेत ना. ज्याला वेळ असेल तो घेतो."

मारियानने कॉस्मेकडे बघितलं. कॉस्मे म्हणाला, "मग आम्ही तिला घेऊन जातो."

डायरेक्टर रागावले नाहीत. उलट हसले. "न्या की. कुणी अडवलंय? पण तिची नोंदणी आमच्या क्लबात आहे. सीझन संपेपर्यंत ती दुसऱ्या कुणाकडून मॅच खेळू शकत नाही. नंतरही आमचं ना-हरकत पत्र लागेल, आणि ते कधी द्यायचं ते आम्ही ठरवू. फोटो वापरायची परवानगी तुम्हीच दिलीय, तेव्हा फोटो राहतील." मग आवाज खाली आणून म्हणाले, "शांतपणे विचार करा. एवढ्या मोठ्या संधीला लोक तरसतात. तुमच्या मेव्हण्यालासुद्धा किती कौतुक आहे तिचं."

बाहेर लिओन स्कूटरला टेकून उभा होता. त्याने बहिणीकडे बघितलं नाही.

"माका म्हायत होता," तो कॉस्मेला म्हणाला. "पयल्या वर्षी माका वाटला, फुडल्या वर्षी मुली वाढतल्यो, टीम होतली. म्हटला, आपल्या फेबीपासून सुरवात होतली. मी मनापासून म्हटलंय रे. आता हयसून सुटान जावचा तर दुसरा काम खंय? घराचो हप्तो आसा, पोराची शाळा आसा."

"तू वायट केलंस असा आमी म्हणनव नाय," मारियान म्हणाली.

"म्हण तरी," लिओन म्हणाला. "म्हटलंस तर बरां वाटात."



असं ठरलं की फेबीने अकॅडमीत जायचं बंद करायचं, पण परीक्षा होईपर्यंत मामाकडेच राहायचं. मधेच कुठली शाळा घेणार? ते तीन महिने त्या घराला फार वाईट गेले असणार. संध्याकाळ झाली की लिओन मैदानावर जायचा आणि फेबी बाल्कनीत पुस्तक घेऊन बसायची. ती येत नाही म्हणून डायरेक्टर लिओनला बोलायचे. लिओन घरी येऊन काही सांगायचा नाही. कार्मेलिन एकदा बाजारातून साधा रबरी बॉल घेऊन आली आणि फेबीला म्हणाली, जा, खाली पार्किंगमध्ये मार भिंतीवर. फेबी गेली, दोनचारदा मारला आणि वर आली. खालच्या मजल्यावरची बाई आवाजाची तक्रार करायला आली होती.

मार्चमध्ये अकॅडमीने मालवणात पुन्हा ट्रायल जाहीर केली. स्टँडजवळचा फिका बॅनर निघाला आणि तिथे नवा लागला, दुप्पट मोठा. त्यावर पिवळ्या जर्सीत हसणारी फेबी. खाली लिहिलेलं, 'मालवणची फेबी खेळते. तुमची मुलगी कधी?' ज्या फेबीने वर्षभरात एकही मॅच खेळली नव्हती, तिच्या फोटोखालून मारियान रोज शाळेत जायची.

आता लोक कॉस्मेकडेच यायला लागले. त्याच्याशिवाय कोणाला विचारणार? पहिल्यांदा आला शिवा. हा दांडीवरचा मच्छीमार, कॉस्मेचं जुनं गिऱ्हाईक. इंजिन खांद्यावरून उतरवून ठेवलं आणि म्हणाला, "कॉस्मे, आमच्या सारिकाक पण लय नाद आसा. धाडूया काय गोव्याक? तुझा चेडू आसाच थंय."

मी पत्र्याच्या अलीकडे दोरी मोजत होतो, तो थांबलो.

पलीकडे कॉस्मेने हातातला पाना खाली ठेवल्याचं ऐकू आलं. कॉस्मेच्या मनात काय चाललं असेल ते मला आता समजतं. फेबी अजून लिओनच्या घरात झोपत होती, त्याचं अन्न खात होती. शिवाला सांगितलं की ते बंदरावर जाणार, बंदरावरून घराघरात, आणि ट्रायलला माणूस फिरकला नाही की ते लिओनच्या माथी येणार. न सांगितलं तर सारिका जाईल. 'थंय जावन बघ' एवढं म्हणून सुटता आलं असतं. पण तसं त्याला कुणीतरी म्हटलं होतंच, आणि तो वेळेत कुठे गेला होता?

"धाडू नको," कॉस्मे म्हणाला.

"कित्याक रे?"

आणि त्याने सांगितलं. बाक, गोलमागे उभ्या असलेल्या मुली, परत घेतलेल्या जर्सी, सगळं. लिओनचं नाव त्याने घेतलं नाही. पण मालवणात नाव घ्यावं लागत नाही.

ट्रायलच्या दिवशी ड्रोन आला, शंकू मांडले गेले, आणि मैदानावर मोजकीच मुलं होती. मुलगी एकही नव्हती. डायरेक्टर दुपारीच गाडीत बसून निघून गेले. लिओन शंकू गोळा करत एकटाच होता. सामानाची गाडी घेऊन तो कॉस्मेच्या घरावरून गेला, पण थांबला नाही.

परीक्षा संपली तशी कॉस्मे फेबीला आणायला गेला. लिओनचं काम पूर्ण गेलं नाही, पण त्याला मैदानावरून काढून फाटकावर बसवलं होतं. त्याच फाटकावर, जिथे पालकांना अडवतात. त्याने 'एफ' लिहिलेली बॅग स्वतः खाली आणली, रिक्षात ठेवली.

"शिवाक तूच सांगलंस?"

"व्हय."

लिओनने मान हलवली. "बरां केलंस." मग म्हणाला, "पण आता काय दिवस माझ्याकडे येव नको, कॉस्मे. मारियानाक पण सांग."

कार्मेलिन वर बाल्कनीत उभी होती. फेबीने तिला हात केला, तेव्हा तिने डोळ्याला पदर लावला.

लिओन त्यानंतर मालवणला आलेला नाही. नाताळाला त्याचा फोन येतो, तो मारियान घेते, तब्येतीचं विचारतात, ठेवतात. मारियान नवऱ्याला दोष देत नाही. पण भावाकडचा कुणाचा विषय निघाला की ती उठून काहीतरी काम काढते. कॉस्मेने केलं ते बरोबर होतं की नाही, याबद्दल त्या घरात आजवर कुणी बोललेलं नाही.

फेबी आता शनिवार-रविवार कणकवलीला जाते. किशोरी मॅडमनी 'सांगितलं होतं ना' असं एका शब्दानेही म्हटलं नाही. फक्त म्हणाल्या, "चपला काढ, बूट घाल." शिवाची सारिकाही तिच्याबरोबर जाते, दोघी एसटीत खिडकीसाठी भांडतात. गोव्यातून ना-हरकत अजून आलेलं नाही. अर्ज केला, फोन केले, मॅडम स्वतः जाऊन आल्या. सर बाहेरगावी आहेत, मीटिंग व्हायची आहे, पुढच्या महिन्यात बघू. त्यामुळे फेबी सराव करते, पण स्पर्धा आली की बाहेर बसते. यंदा जिल्ह्याच्या स्पर्धेत तिच्या संघातल्या मुली उपांत्य फेरीत हरल्या. फेबी पाण्याच्या बाटल्यांशेजारी शाळेच्या गणवेशात बसून गळा फुटेपर्यंत ओरडली. परत येताना तिला आवाजच नव्हता.

मागच्या रविवारी मीही कॉस्मेबरोबर गेलो होतो, कणकवलीला दोरीचं गिऱ्हाईक होतं म्हणून. मॅडमनी आपसातच दोन तुकड्या पाडल्या होत्या. मैदान एका बाजूला उतरतं, बॉल त्याच बाजूला धावतो. फेबी पूर्ण वेळ खेळली. खरं सांगायचं तर फारसं बरं खेळली नाही. दोनदा तिच्या पायातून बॉल सारिकाने काढून घेतला. शेवटी तर ती कमरेवर हात ठेवून मधेच उभी राहिली, धापा टाकत.

खेळ संपल्यावर ती आमच्याकडे आली ती तणतणतच. "पप्पा, सारिका माका आडवी येता, मॅडम शिट्टी मारनत नाय! आणि ह्यो मैदान कसलो? बॉल उतारान पळता. माका दम पण पुरनय नाय. उद्यापासून मी सकाळी धावतलंय, तू माका उठव. हाक मारून नाय उठलंय तर पाणी ओत."

"ओततंय," कॉस्मे म्हणाला.

ती आणखी काय काय सांगत राहिली, सारिका मागून येऊन उलट सांगत राहिली. आम्ही स्टँडकडे निघालो. मालवणच्या गाडीला उशीर होता. कॉस्मेचा फोन वाजला. बंदरावरून कुणीतरी इंजिनासाठी खोळंबलं होतं. "येतंय, येतंय," तो म्हणाला आणि दोघी मुलींसाठी वडे घ्यायला गेला.